दोन देशांत विभागलेल्या आयुष्याच्या आठवणी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या, तिथेच राहिलेल्या किंवा परत आलेल्या आणि आता आठवणी लिहायला बसलेल्या माणसांसाठी हे पान आहे. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने दार उघडल्यावर गेलेले डॉक्टर, इंजिनिअर आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. नव्वदच्या दशकात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेले निवृत्तीला टेकले आहेत. मी बरीच वर्षं अशा लोकांची हस्तलिखितं वाचते, त्यांच्याबरोबर बसून दुरुस्त्या करते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. कॅनडा, इंग्लंड, आखातातल्या मंडळींनाही यातलं बरंच लागू पडेल. कायद्याचे तपशील तेवढे आपापल्या देशाचे बघावेत.

माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे? सगळे गेले तसाच मीही गेलो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा भरपूर ऐवज असतो. साठ-सत्तरच्या दशकात गेलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लिखाणात ‘खिशात आठ डॉलर’ हे शब्द येतात. परकीय चलनाची टंचाई होती, तेवढेच नेऊ द्यायचे, हे खरं आहे. पण ते लिहून लोक पुढच्याच परिच्छेदात पीएच.डी.पर्यंत पोहोचतात. मला त्या आठ डॉलरांचं काय झालं ते वाचायचं असतं. केनेडी विमानतळावरून पहिला फोन कोणाला केला? सुटी नाणी कोणी दिली? आणि त्याहून महत्त्वाचं, तिकिटाचे पैसे कुठून आले? वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, की मामाने दिले? ते फेडले कोणी?

जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. ज्या मुलाला त्या वर्षी शिकायला जायचं होतं, त्याच्या घरात त्या आठवड्यात काय बोलणी झाली असतील! ती तुम्हाला आठवत असतील तर एक प्रकरण तुमच्या हातात आहे.

सुरुवात कुठून करू? जन्मापासून?

नको. वाडा, आजोबा, शाळा, मॅट्रिक अशा क्रमाने गेलात तर दुसरा देश यायला शंभर पानं लागतील. ज्या दिवशी दोन्ही देश तुमच्या अंगावर एकदम आले, असा एखादा दिवस निवडा. तो मोठा प्रसंग असायची गरज नाही. न्यू जर्सीत हिवाळ्यात रविवारी रात्री साडेआठला फोन लावला की पुण्यात सोमवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. इकडे जेवण उरकून निवांत बसलेला मुलगा, तिकडे पाणी भरायची घाई, दारात दूधवाला आणि ‘हं, बोल’ म्हणून एका हाताने गॅस बारीक करणारी आई. मुलाला वाटतं, आई तुटक बोलते. आईला वाटतं, याला आपल्या वेळा आठवत नाहीत. एवढ्या एका फोनमध्ये तुमचं पुढचं सगळं पुस्तक बीजरूपाने असतं. बालपण नंतर येऊ द्या, लागेल तसं, लागेल तेवढं.

तारखा आणि क्रम आठवत नाही. काय करू?

आधी कागद जमवा. रद्द झालेले पासपोर्ट टाकून दिले नसतील तर त्यांतले शिक्के म्हणजे तुमच्या सगळ्या ये-जा प्रवासांची नोंदवही आहे. अमेरिकेत स्थलांतरितांची सरकारी फाइल असते, तिला ‘ए-फाइल’ म्हणतात. तिथल्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली यूएससीआयएसकडे, म्हणजे नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याकडे, अर्ज करून स्वतःच्या फाइलची प्रत मागवता येते. त्यात तरुणपणीचा फोटो, जुने अर्ज आणि तेव्हाचा पत्ता अशा गोष्टी निघतात. मी पाहिलेल्या एका फाइलमध्ये अर्जदाराने ‘परत जाण्याचा विचार आहे का’ अशा अर्थाच्या प्रश्नावर तेव्हा काय लिहिलं होतं ते सापडलं आणि पुढची दोन प्रकरणं त्यावरच उभी राहिली.

मग सार्वजनिक घटनांच्या खुंट्या ठोका. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. आणीबाणी २५ जून १९७५. गिरणी संप १८ जानेवारी १९८२. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. ‘संप चालू होता तेव्हा मी आलो होतो, लालबागच्या काकांकडे जेवायला गेलो तर घरात वेगळीच शांतता होती’ एवढं आठवलं तरी वर्ष पक्कं होतं.

या खुंट्या उलट्या बाजूनेही कामाला येतात. १९७३ साली सहारच्या टर्मिनलवर आई रडली असं लिहिलं असेल तर थांबा. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. तुम्ही सांताक्रूझहून गेलात. न्यू यॉर्कला फ्लशिंगचं गणपतीचं मंदिर १९७७चं. त्याआधीचा गणेशोत्सव तुम्ही कुणाच्या तरी तळघरात, शाळेच्या किंवा चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये केला असणार, आणि ते लिहिणं जास्त मोलाचं आहे. आईचं रडणं खरंच आहे, जागा तेवढी बदला.

भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. ‘मला असं आठवतं, ताईला तसं’ असं लिहायला काही हरकत नाही.

आमच्याकडे जुनी पत्रं आहेत. त्यांचा वापर कसा करावा?

पत्रं आहेत तर तुम्ही भाग्यवान. पत्र आणि पाकीट एकाच कागदाचं, अशी निळी एअरोग्राम बघितली असतील त्यांना माहीत आहे: कागद पातळ, जागा मोजकी. वडील वरून सुरुवात करून व्यवस्थित ओळी सोडून लिहीत यायचे, मग आईला घडीच्या कडेची पट्टी उरायची. आई आडवी लिहायची, मग उभी लिहायची, शेवटी जिथे गोंद लावायचा तिथेही दोन शब्द. घाईने फोडलं की नेमके तेच शब्द फाटायचे. अशी पत्रं पुस्तकात घेताना मजकुराबरोबर ही मांडणीही सांगा. कोणाला किती जागा मिळत होती, हे त्या घराबद्दल बरंच सांगून जातं.

आता एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात. तुमच्याकडे आहेत ती *आलेली* पत्रं. तुम्ही *लिहिलेली* पत्रं तिकडे आहेत. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, किंवा घर रिकामं करताना रद्दीत गेलेली. ती शोधा. भावाला, बहिणीला, चुलत भावंडांना विचारा. पंचविशीतल्या तुमच्या हस्ताक्षरात ‘सगळं ठीक आहे, काळजी नसावी’ वाचल्यावर तेव्हा काय काय ठीक नव्हतं ते भराभर आठवतं. कॅसेटही विचारा. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर आवाज भरून कॅसेट पाठवायची पद्धत अनेक घरांत होती. फिती खराब होत चालल्या आहेत, डिजिटल करून घेण्याचं काम या वर्षीच उरका.

कायद्याचं एक लक्षात असू द्या. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात वारसांचा. भारतात तो एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, पण हयातीत न छापलेल्या मजकुराची ही ६० वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. आईच्या पत्रांचे वारस तुम्ही एकटे नसाल तर भावंडांची लेखी संमती घ्या.

मागे राहिलेल्या भावाबद्दल लिहायचं आहे. तो दुखावेल अशी भीती वाटते.

या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण दोन देशांतल्या आयुष्याचं पुस्तक खरं होतं की नाही हे इथेच ठरतं. जो गेला त्याच्याकडे अर्धीच हकिकत असते. उरलेली अर्धी मागे राहिलेल्यांकडे आहे, आणि ती बहुधा कोणी विचारलेलीच नसते.

बहुतेक हस्तलिखितांत भाऊ असा येतो: ‘आई-वडिलांची सगळी जबाबदारी भावाने आणि वहिनीने समर्थपणे पेलली.’ एक कृतज्ञ वाक्य आणि विषय संपला. पेलली म्हणजे काय केलं? डायलिसिसला आठवड्यातून किती वेळा नेलं? रात्री उठून बेडपॅन कोणी दिलं? वहिनीची बँकेतली बढती बदलीच्या गावी होती, ती नाकारली का? तुम्ही सुट्टीवर आलात की घरात श्रीखंड-पुरी, पाहुणे, चॉकलेटं, आणि आई तुमच्यासमोर एकदम टवटवीत. तुम्ही परत गेल्यावर पुढचे दोन आठवडे ती कशी असायची ते फक्त वहिनीला माहीत आहे.

म्हणून माझा आग्रह असतो: लिहिण्याआधी वहिनीशी बोला. फोनवर नको, समोर बसून, भाऊ नसताना. ‘तुमचे उपकार’ वगैरे भाषा टाळा. साधं विचारा. माझे पैसे यायचे तेव्हा ते कशाला लागायचे? आई माझ्याबद्दल तुमच्याजवळ काय बोलायची? मी काय केलेलं तुम्हाला आवडलं नाही? कोणता निर्णय मी तिकडून फोनवर दिला आणि निस्तरावा तुम्हाला लागला? पहिल्या भेटीत ‘काही नाही हो, आमचं कर्तव्यच होतं’ एवढंच मिळेल. दुसऱ्या भेटीत बोलणं सुरू होतं. जे मिळेल ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या संमतीने पुस्तकात येऊ द्या, अगदी तुमच्या आठवणीच्या विरुद्ध असलं तरी.

घराच्या वाटणीवरून, फ्लॅटच्या कागदांवरून वाद झाला असेल तर? तो लिहिल्याशिवाय पुस्तक पोकळ वाटत असेल तर लिहा, पण घडलं ते लिहा. ‘त्याने मला फसवलं’ हा तुमचा निष्कर्ष झाला. ‘मला न सांगता सही झालेला कागद मी अमुक साली पाहिला’ ही घटना झाली. नाव बदलल्याने सुटका होत नाही. सख्खा भाऊ एकच असेल तर नातेवाइकांना तो ओळखू येणारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे, आणि घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीबद्दल केलेलं लिखाणही त्यात येऊ शकतं. शंका असेल तिथे वकिलाला मजकूर दाखवा. पण त्याच्याही आधी भावाला दाखवा, छपाईला जाण्याआधी, बदल करायला वेळ असताना.

शेवटच्या क्षणी पोहोचू शकलो नाही. ते लिहिताना हात थांबतो.

थांबू द्या. ते प्रकरण शेवटी लिहिलं तरी चालतं.

लिहायला घ्याल तेव्हा भावना सांगण्याच्या मागे लागू नका, घड्याळ लिहा. फोन किती वाजता आला, तिथे किती वाजले होते, कोणाचा आला, पहिलं वाक्य काय होतं. तिकीट शोधताना स्क्रीनवर काय दिसत होतं. घरात कोण झोपलेलं होतं, कोणाला उठवलं, कोणाला नाही. मार्च २०२०मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबवली, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर व्हिसाविना येण्याची सोयही स्थगित झाली. नियमित विमानं पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ला. त्या काळात कितीतरी घरांत अंत्यसंस्कार मोबाइलवर पाहिले गेले आणि दहाव्याला गुरुजी व्हिडिओवर मंत्र सांगत होते. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर एक गोष्ट जरूर शोधून काढा: तिकडे तो मोबाइल कोणाच्या हातात होता? शेजारच्या मुलाच्या? पुतण्याच्या? त्याला जाऊन भेटा. त्याने काय पाहिलं ते विचारा. तुम्ही जिथे नव्हता तिथे तो उभा होता.

आणि ज्यांना विमानं चालू असूनही पोहोचता आलं नाही, रजा नव्हती, व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं असतं, पैसे नव्हते, त्यांनीही ते कारण जसं होतं तसं लिहावं. वाचणाऱ्यांमध्ये असे पुष्कळ असतात.

व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा भाग कंटाळवाणा होईल ना? गाळू का?

मुळीच गाळू नका. या कागदांनी लग्नं कधी करायची, मुलं कधी होऊ द्यायची, आईला भेटायला कधी जायचं हे सगळं ठरवलं. रोजगाराच्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्या रांगेत उभ्या माणसाला नोकरी बदलताना, गावी जाताना दहादा विचार करावा लागतो.

एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, गेलेल्या बायकांनी तर हे लिहायलाच हवं. मे २०१५मध्ये त्यांच्यातल्या काहींना नोकरीची परवानगी मिळाली, त्याआधी ती सोयच नव्हती. एम.एस्सी., एम.सी.ए. झालेल्या, इथे स्वतःच्या पगारातून आईला साडी घेणाऱ्या मुली तिथे वाणसामानासाठी नवऱ्याकडे कार्ड मागत होत्या. त्या दुपारी कशा जात होत्या, कोणत्या लायब्ररीत, कोणत्या शेजारणीकडे, याचं लिखाण मराठीत अजून फार थोडं आहे. माझ्याकडे अशी हस्तलिखितं आली की मी बाकी कामं बाजूला ठेवते.

नागरिकत्वाचा दिवसही सविस्तर लिहा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तिकडची शपथ म्हणजे इकडचा पासपोर्ट परत करणं आलंच. ओसीआय कार्डाची सोय नागरिकत्व कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने आली. येणं-जाणं सोपं झालं, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. गावाकडे जमीन असलेल्या माणसाला सातबाऱ्यावर आपलं नाव दिसतं आणि मतदारयादीत दिसत नाही, यावर तुमच्या घरी काय बोलणं झालं? वडील काय म्हणाले?

मराठीत लिहू की इंग्रजीत?

वाचणारा कोण, ते आधी ठरवा. नातवंडांसाठी असेल आणि त्यांना देवनागरी वाचता येत नसेल तर इंग्रजीत लिहा, त्यात कमीपणा नाही. पण पहिला खर्डा मराठीत करावा असं माझं ठाम मत आहे, निदान १९८०-८५पर्यंतच्या आठवणींचा. आईची बोलणी, चाळीतली भांडणं, मास्तरांचा ओरडा हे ज्या भाषेत घडलं त्याच भाषेत पूर्ण आठवतं. दोन्ही भाषांत एकाच वेळी लिहायला जाऊ नका, दोन्ही अर्धवट राहतात.

टायपिंग येत नसेल तर फोनवर बोलून लिहा, मग सुधारा. मात्र सगळा मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली पुढे उघडत नाहीत किंवा अक्षरं फुटतात.

भारत चांगला की अमेरिका, यावर प्रकरण हवं का?

नको. तिथली शिस्त आणि इथला जिव्हाळा, तिथला एकटेपणा आणि इथली गर्दी, हे वाचकाने शंभरदा वाचलेलं असतं.

मुलांबद्दल किती लिहावं?

त्यांना विचारून. मुलं सज्ञान असतील तर त्यांचा भाग त्यांना वाचायला द्या. मराठी येत नसेल तर तोंडी सांगा. शाळेतली चिडवाचिडवी, डब्यातल्या भाजीच्या वासावरून झालेला अपमान, लग्नावरून झालेले वाद, यांतलं कोणतं जगासमोर यावं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

किती मोठं असावं? किती वेळ लागतो?

छापील पानावर साधारण अडीचशे शब्द मावतात, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक पन्नास हजार शब्दांच्या आसपास जातं. त्याहून मोठं करायची गरज क्वचितच असते. वेळेचं म्हणाल तर रोज एक पान लिहिणारे वर्षभरात खर्डा पूर्ण करतात. सुट्टी मिळाल्यावर सलग बसू म्हणणारे अजून सुट्टीची वाट बघत आहेत.

प्रसिद्ध कसं करायचं?

आधी एखादं प्रकरण बाहेर पाठवून बघा. ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नवं लिखाण वाचकांपर्यंत नेण्याची ही हक्काची जागा आहे. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळंही आपले अंक काढतात. तीन-साडेतीन हजार शब्दांचा, स्वतंत्रपणे वाचता येईल असा भाग निवडा आणि उन्हाळ्यातच पाठवा. गणपतीच्या सुमाराला अंकाची पानं बहुतेक लागलेली असतात.

प्रकाशक मिळाला तर करार नीट वाचा. कॉपीराइट तुमच्याच नावावर राहिला पाहिजे, ई-बुक आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे ते लिहिलेलं हवं. पैसे भरून पुस्तक काढणार असाल तर प्रती किती, विक्रीची जबाबदारी कोणाची आणि उरलेल्या प्रती कुठे राहणार हे आधी विचारा. अमेरिकेत बसून पुण्यातल्या गोदामातल्या गठ्ठ्यांची चौकशी करणं फार अवघड जातं. स्वतः काढायचं असेल तर भारतात आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, अमेरिकेत त्याला पैसे पडतात. मुद्रितशोधनावर मात्र काटकसर करू नका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भरलेलं चांगलं पुस्तक हातात आलं की फार वाईट वाटतं.

फक्त घरच्यांसाठी पंचवीस-पन्नास प्रती काढल्या तरी ते पुस्तकच आहे. अशा वेळी एक प्रत गावातल्या वाचनालयाला द्या.

खर्डा झाला. कोणाला दाखवू?

दोघांना: एक तिकडचा, एक इकडचा. तिकडचा वाचक तुमच्यासारखाच गेलेला असावा. तो ‘ग्रीन कार्ड असं मिळत नाही’ म्हणून चूक दाखवेल. इकडचा वाचक कधीच न गेलेला असावा, शक्यतो तुमच्या वयाचा शाळासोबती. तो जिथे गप्प होतो, पान उलटून पुन्हा मागे येतो, तिथे बोट ठेवून त्याला विचारा. दोघांनाही एक महिना मुदत द्या आणि समासात पेन्सिलीने लिहायला सांगा. वहिनीचं प्रकरण असेल तर तिची प्रत वेगळी काढा आणि तिच्याच हातात द्या, भावामार्फत पाठवू नका.